साडूंचे पॉइंट

हॉटेलात बिल आलं की काहींचा हात खिशाकडे जातो, काहींचा बडीशेपेकडे. आमचे साडू या दोन्हींत बसत नाहीत. वेटर बिलाची वही घेऊन अजून दोन टेबलं लांब असतो, तेवढ्यात हे उठून त्याला वाटेतच गाठतात. नवखा पाहुणा भारावतो. "अहो, असं कसं, आम्ही देतो ना," असं म्हणत तोही अर्धवट उठतो. साडू शांतपणे कार्ड मशिनला टेकवतात, चिठ्ठीची घडी पाकिटात ठेवतात आणि जागेवर येऊन म्हणतात, "माणशी सहाशे चाळीस. जीपे करा सगळ्यांनी मला."

ही चिक्कूगिरी नव्हे. साडू चिक्कू असते तर गोष्ट सोपी होती. आपला वाटा ते चोख घालतात, वर वेटरला टीप रोखीनं देतात (टीपवर पॉइंट मिळाले असते तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही). त्यांना फक्त आपल्या सगळ्यांच्या जेवणाचे पॉइंट हवे असतात.

तुमच्याआमच्या कार्डावरही पॉइंट पडतात. आपल्याला त्याचा पत्ता नसतो, किंवा कधीतरी एसएमएस येतो आणि आपण त्यातून मिक्सर नाहीतर कपड्यांचं व्हाउचर घेऊन मोकळे होतो. साडूंसमोर मिक्सरचं नाव काढू नये. "मिक्सरला पॉइंटामागे वीस-पंचवीस पैसे पडतात हो! बिझनेस क्लासला दोन रुपये!" हे सांगताना त्यांचा आवाज कापतो. त्यांची पद्धत अशी, की बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात न्यायचे आणि त्यातून पुढच्या भागातली, पाय पसरून झोपायची सीट घ्यायची. एकदा तिकडे गेलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. त्यामुळे ते बटण दाबण्याआधी साडू देवाला नमस्कार करतात. अतिशयोक्ती वाटेल, पण ताईंनी पाहिलंय. (ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूंच्या संदर्भात साक्षीदार म्हणून त्यांचं नाव वारंवार येणार.)

हा वारसा आहे. साडूंचे वडील बँकेत होते. प्रवासखर्चाच्या सवलतीला सरकारी नोकर एलटीसी म्हणतात, बँकवाले एलएफसी. चार वर्षांचा ब्लॉक संपत आला की वडील होल्डॉल बांधायला घ्यायचे. कन्याकुमारी, गुवाहाटी, जम्मू, नियमात बसेल तितकं लांब. कुणाला जायची हौस होती असं नाही. "हक्काचं आहे, सोडायचं कशाला?" एवढंच. साडूंनी बँकेत नोकरी केली नाही, पण हे वाक्य घेतलं. खिशातले दोन लाख घालून ते कधीही बिझनेस क्लासनं जाणार नाहीत. कुणी गेलं तर त्याची कीव करतील. पण पॉइंट असताना मागे बसणं म्हणजे हक्काचं सोडणं.

ताईंच्या पर्समध्ये पाच कार्डं आहेत. प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर ताईंच्या अक्षरात सूचना. "किराणा". "औषधं, विमा". "शाळा". "ऑनलाइन". पाचव्यावर लिहिलंय, "विचारल्याशिवाय नको". पेट्रोलची पट्टी नाही, कारण बहुतेक कार्डं पेट्रोलला पॉइंट देत नाहीत. पंपावर साडू उदास दिसतात ते महागाईमुळे नव्हे. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली, तेव्हापासून कोथिंबिरीची जुडीही ते फोन समोर धरून घेतात आणि भाजीवालीनं "सुट्टे द्या ना दादा" म्हटलं की दुसऱ्या भाजीवालीकडे जातात.

प्रत्येक दुकानाच्या मशिनला चार आकडी कोड असतो हे मला साडूंकडून कळलं. किराण्याचा ५४११, सराफाचा ५९४४, विम्याचा ६३००. कोणत्या कोडला पॉइंट द्यायचे आणि कोणत्याला नाही, ते बँक ठरवते. दुकानदाराला यातलं काही माहीत नसतं, आणि साडूंना तर सगळं आधी विचारूनच आत पाऊल टाकायचं असतं. आमच्या वाण्याला त्यांनी एकदा विचारलं, "तुमचं मशीन कशावर आहे?"

"बॅटरीवर आहे साहेब," वाणी म्हणाला.

मध्यंतरी घरभाडं कार्डानं भरता यायचं आणि त्यावर पॉइंट मिळायचे. साडूंचं घर स्वतःचं. पण ते आईच्या नावावर. तेव्हा साडू चक्क आईचे भाडेकरू झाले. दर महिन्याला भाडं कार्डावरून आईच्या खात्यात, तिथून दोन दिवसांनी घरखर्चाला परत. हे आईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "मग न्हाणीघरातला नळ गळतोय, तो भाडेकरूनं दुरुस्त करायचा की मालकिणीनं?" पुढे बँकांनी भाड्यावर एक टक्का फी लावली, पॉइंट बंद केले आणि आईंचं मालकीणपण संपलं. नळ अजून गळतो.

बँका नियम बदलतात त्या दिवशी साडूंकडे फोन करू नये. त्यांच्या भाषेत याला "डीव्हॅल्यू झालं" म्हणतात. २०२३ साली एका खासगी बँकेनं त्यांच्या लाडक्या कार्डाचे पॉइंट एका फटक्यात कापले. ताई सांगतात, ते दोन दिवस फक्त वरण-भात जेवले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा मात्र ते समजूतदारपणे वागले. त्या रात्री त्यांनी आम्हाला कंपनीचं बोधचित्र असलेल्या महाराजाचा इतिहास ऐकवला: १९४६ साल, कल्पना एअर इंडियाच्या बॉबी कुकांची, चित्र उमेश राव यांचं. सगळं ओळीनं. मग एअर इंडियाच्या पॉइंटांच्या योजनेला 'महाराजा क्लब' नाव मिळालं, तेव्हा स्वतःचंच बारसं झाल्यासारखे खूश. अमेरिकन एअरलाइन्सनं आपली पॉइंटांची योजना १९८१ मध्ये सुरू केली हेही त्यांना पाठ आहे. लग्नाच्या तारखेची आठवण मात्र त्यांना ताईंनी करून द्यावी लागते.

आता परदेश प्रवासाबद्दल. आपण काय करतो? कुठे जायचं ठरवतो, मग तिकीट बघतो. साडूंचं उलट. पॉइंटांवरच्या जागा एकेका विमानात थोड्या, आणि त्या वर्षभर आधी उघडतात. ब्रिटिश एअरवेजच्या ३५५ दिवस आधी. लंडनला मध्यरात्र, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. आई समजतात मुलगा प्राणायामाला उठतो. तो लॅपटॉपसमोर बसलेला असतो. साडूंचा स्वतःचा मुलगा नववीत असताना ते मुख्याध्यापकांना भेटायला गेले. तक्रार घेऊन नव्हे, पुढच्या वर्षीची दिवाळीची सुट्टी नक्की कधी, हे विचारायला. मुख्याध्यापक म्हणाले, बोर्डानं अजून यंदाचंही वेळापत्रक दिलेलं नाही. साडूंनी त्यांना समजावून सांगितलं, की उशीर करून चालत नाही, सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांनी मरतात. मुख्याध्यापक बराच वेळ काही बोलले नाहीत.

ताईंना स्वित्झर्लंड बघायचं होतं. लग्नापासून. शेजारच्या सगळ्या बायका ग्रुप टूरनं जाऊन, बर्फात साडीवर स्वेटर घालून फोटो काढून आल्या. साडूंनी दोन वर्षं पॉइंट साठवले आणि एके रविवारी जाहीर केलं, "आपण वॉर्साला जातोय."

"वॉर्सा? पोलंडमधलं?"

"जागा होती."

एवढंच कारण. नकाशात कुठे आहे हे त्यांनी नंतर पाहिलं. तिकिटं कॅनडाच्या विमान कंपनीच्या पॉइंटांतून काढलेली. ठाण्याचा माणूस, कॅनडाला कधी पाय लावलेला नाही, जर्मन आणि स्विस विमानांतून पोलंडला निघालेला. "कॅनडावाले इंधन अधिभार लावत नाहीत," साडू म्हणाले. दुसऱ्या काही कंपन्यांत पॉइंट देऊनही कर आणि अधिभार मिळून साध्या तिकिटाइतके पैसे जातात, हे त्यांचं जुनं दुखणं.

आणखी एक अडचण होती. एका विमानात दोनच जागा मिळाल्या. चौघांचं कुटुंब, तेव्हा साडू आणि आई फ्रँकफुर्टमार्गे, ताई आणि मुलगा झुरिकमार्गे, भेट थेट वॉर्सात. ताईंचं स्वित्झर्लंड असं झालं: दोन तास, विमानतळाच्या काचेतून. एक चॉकलेट त्यांनी घेतलं, पाचव्या कार्डानं, न विचारता.

निघताना साडू मुंबईच्या टी-टूला पाच तास आधी पोहोचले, कारण लाउंज. डोमेस्टिकला ते दोन रुपयांचं स्वाइप करून आत जातात आणि त्या दोन रुपयांत उपमा, इडली, तीन कप कॉफी वसूल करतात. इथे तर बिझनेसवाल्यांचा लाउंज, म्हणजे दोन रुपयेही नाहीत. आईंचा नेमका एकादशीचा उपवास. साडूंनी जेवणाचा कोड आधीच टाकला होता, फळांचा, एफपीएमएल. विमानात शेजारचा जर्मन वाइन पीत असताना आईंसमोर खरबूज, अननस आणि द्राक्षांची ताटली आली. त्यांनी पिशवीतून डबा काढून शेंगदाण्याचा लाडू त्या जर्मनालाही दिला. त्यानं खाल्ला. पुढची हकीकत मी साडू आणि आई दोघांकडूनही वेगवेगळी ऐकली आहे आणि दोन्ही जुळतात.

साडूंनी बटण दाबलं, सीट आडवी होत गेली, पलंग झाला. आईंची कंबर दुखते, बसून प्रवास होत नाही. या एका पलंगासाठी दोन वर्षांची बिलं, विमे, फिया, हॉटेलातले आमचे सहाशे चाळीस. साडू उभे राहून बघत होते. आई पडल्या नाहीत.

"माझे पाय कुठे येतात रे?"

"इथे, या खोबणीत."

"दिशा विचारतेय. दक्षिणेकडे नाहीत ना?"

साडूंनी समोरच्या पडद्यावर नकाशा उघडला. विमान मुंबईहून वर डावीकडे चाललेलं. "वायव्येला आहेत, आई."

आई आडव्या झाल्या आणि फ्रँकफुर्ट येईपर्यंत उठल्या नाहीत. साडू स्वतः झोपले नाहीत. त्यांनी आईंचे झोपलेले एकोणीस फोटो काढले. ते आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत.

परतीच्या विमानात हाच नकाशा उलटा. पाय आग्नेयेला. "आग्नेय म्हणजे अर्धी दक्षिणच," आई म्हणाल्या, आणि मुंबईपर्यंत ताठ बसून आल्या. एवढे पॉइंट देऊन बसून! साडूंनी उशा उलट्या लावून डोकं पायाकडे करता येतं का, हे हवाई सुंदरीला खुणेनं विचारलं. तिनं पट्टा दाखवून नकार दिला.

मधले आठ दिवस वॉर्सात काय पाहिलं, यावर साडू फारसं बोलत नाहीत. एक मात्र सांगतात. शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे पाचेक हजार निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, त्याच्या कृतज्ञतेपोटी उभारलेलं. आईंचं माहेर कोल्हापूर. तिथे त्यांनी फुलं वाहिली आणि शेजारी उभ्या एका पोलिश बाईला मराठीत विचारलं, "तुमचं कोण होतं का तिकडे?" ताई म्हणतात, स्वित्झर्लंडला हे झालं नसतं. मग लगेच म्हणतात, पण स्वित्झर्लंड राहिलंच.

विमानात मिळणारे पाउच साडू जमवून आणतात आणि भाऊबीजेला वाटतात. आत मोजे, डोळ्यांची पट्टी, बोटभर टूथपेस्ट. आमच्याकडच्या एकात सुई-दोरा आहे, एकात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. नातेवाइकांत असं घर नसेल जिथे लुफ्तान्साच्या पाउचमध्ये रबरबँड नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. कॅशलेसची मंजुरी वेळेवर आली नाही आणि हॉस्पिटलनं अनामत मागितली, दोन लाख. मी आणि मेहुणा कुणाची एफडी मोडायची यावर जिन्यात हळू आवाजात बोलत होतो. साडू ऑफिसातून थेट आले होते, रेनकोट अंगात. काउंटरवर जाऊन त्यांनी कार्ड टेकवलं, चिठ्ठीची घडी पाकिटात ठेवली आणि आमच्याजवळ येऊन म्हणाले, "चला, वर घेतायत त्यांना." जीपे करा म्हणाले नाहीत. विम्याचे पैसे यायला तीन महिने लागले. कार्डाच्या बिलाची मुदत आली तसं त्यांनी ते स्वतःच्या खात्यातून भरलं आणि आम्ही विषय काढला की सिंगापूरच्या नव्या सीटचं सांगत बसले.

चेक द्यायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो तेव्हा ताईंनी पोहे केले होते. साडूंनी चेक न बघता टीव्हीखालच्या खणात टाकला. मग खुर्ची जवळ ओढून, आत ताईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "हॉस्पिटलचं मशीन ८०६२ वर होतं. पॉइंट पूर्ण पडले." थोडं थांबले. "दुसऱ्या गुडघ्याचं काय म्हणतायत डॉक्टर? नाही, घाई काही नाही. पण मार्चच्या आत झालं तर माझा वर्षाच्या खर्चाचा माइलस्टोन बसतो, आणि झुरिकला यंदा चार जागा दिसतायत. एकाच विमानात."