पुण्य आमच्या दारात टाकून जाणाऱ्यास

महाशय किंवा महोदया,

नमस्कार. 'सप्रेम' लिहिण्याची इच्छा नाही. तुम्ही नाव-पत्ता ठेवला नाहीत, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहावं लागतंय.

परवा पहाटे बीड बायपासजवळच्या आमच्या मांजरांच्या निवाऱ्यासमोर तुम्ही मोसंबीचं खोकं ठेवून गेलात. चारही बाजूंनी चिकटपट्टी, हवेला एक भोक नाही. आत डोळेही न उघडलेली चार पिल्लं आणि चिठ्ठी : 'तुम्ही मांजरं मारत नाही असं ऐकलं. सांभाळा, पुण्य लागेल. आई आमच्याकडेच आहे, उंदीर धरते.'

पहिलं वाक्य खरं आहे. आम्ही मारत नाही. आंधळी, तीन पायांची, म्हातारी, कुणीच दत्तक न घेतलेली मांजर इथे शेवटपर्यंत राहते. जागा करण्यासाठी इथे कुणाला इंजेक्शन दिलं जात नाही, आणि म्हणूनच इथली जागा लवकर मोकळी होत नाही. एक मांजर चांगल्या घरी गेली की दुसरीला पिंजरा मिळतो. त्यापेक्षा जास्त घेतली की दाटी होते आणि दाटीत आजार पसरतो. कॅट पार्वो शिरला तर लस न झालेली पिल्लं एकामागून एक जातात. तो विषाणू फरशीवर महिनोन्महिने टिकतो. फिनाईल मांजरांना विषारी, त्यामुळे ब्लीचनंच सगळं धुवावं लागतं, तेही नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात. 'आज जागा नाही' असं सांगता आलं, तरच न मारणारा निवारा चालतो. तुम्ही आम्हाला ते सांगूच दिलं नाहीत.

आता पिल्लांचं ऐका. सगळ्यात लहान पिल्लू हातात घेतलं तेव्हा गार पडलेलं होतं. गार पिल्लाला दूध पाजता येत नाही, ते पचत नाही. आधी अंगाला ऊब द्यावी लागते. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आम्ही त्याला तिच्याशी धरून बसलो. दुपारपर्यंत ते गेलं. उरलेल्या तिघांना दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लांसाठीचं खास दूध बाटलीनं पाजतोय. गाईच्या दुधानं जुलाब होतात. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं पुसून त्यांना शू करवावी लागते, कारण ती अजून आपली आपण करू शकत नाहीत. हे सगळं त्यांची आई एकटी, न सांगता करत होती. ती तुम्ही उंदरांसाठी ठेवून घेतलीत.

तिचा तरी विचार करा. पिल्लं तुटलेली मांजर काही आठवड्यांतच पुन्हा हीटवर येते आणि साधारण 63 ते 65 दिवसांत विते. पुढचं खोकं तुम्ही आतापासूनच तयार करताय. मादी पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं. हे थांबवायला नसबंदीचं एक ऑपरेशन पुरतं. त्यासाठी तुम्हाला सवड झाली नाही, पहाटे उठून खोकं चिकटवायला मात्र झाली.

पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा ठिकाणी टाकून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्यात पिल्लांच्या दुधाचा एक डबाही येत नाही. त्यामुळे कायद्याची भीती तुम्हाला वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणून पुण्याबद्दलच बोलते, कारण शब्द तुम्ही काढलात. संत एकनाथांचं पैठण आपल्याच जिल्ह्यात आहे. रामेश्वरासाठी नेत असलेलं कावडीतलं पाणी त्यांनी तहानेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. नाथांनी स्वतःची कावड रिकामी केली. गाढव दुसऱ्याच्या दारात बांधून ते पुढे निघून गेले नाहीत. तुम्ही जे केलंत त्याला पुण्य म्हणू नका. आम्ही मारत नाही हे ऐकून तुम्ही मारायचं काम आमच्या दारात आणून टाकलंत, आणि त्यातलं एक पूर्ण झालं.

उरलेल्या तिघांसाठी अजून वेळ आहे. आईचं दूध आटायच्या आत तिला घेऊन या, किंवा पिल्लं परत न्या आणि आठ आठवडे तिच्याजवळ राहू द्या. पिल्लांना घरं शोधून द्यायची जबाबदारी आमची. आईच्या नसबंदीसाठी डॉक्टरांची वेळ आम्ही घेऊन देऊ, ऑपरेशनच्या दिवशी सोबतही येऊ. खर्च परवडत नसेल तर तसं सांगा, त्यात लाज नाही.

फक्त दिवसाउजेडी या, आणि बेल वाजवा.

— निवाऱ्यातल्या सर्व स्वयंसेवकांच्या वतीनं
छत्रपती संभाजीनगर