रेमी उंदीर, मुख्य आचारी, यांस खुले पत्र

प्रति,
श्री. रेमी उंदीर,
मुख्य आचारी, डिस्नीलँड पॅरिस,
मु. पो. मार्न-ला-वाले, पॅरिसच्या पूर्वेस 32 किलोमीटर, फ्रान्स

विषय: सांगलीहून येणाऱ्या पाच शाकाहारी माणसांच्या पोटापाण्याची सोय.



आपली ओळख 2007 सालची. त्या वर्षी आपला 'रॅटाटुई' हा चित्रपट आला आणि स्वयंपाकघरात उंदीर पाहून आमच्या घरात पहिल्यांदा टाळ्या वाजल्या. एरवी आपल्या जातभाईंसाठी आमच्याकडे पिंजरा असतो. भाद्रपदात मात्र मोदकाच्या ताटापुढे मानाची जागा असते. तेव्हा आपण आम्हाला अगदीच परके नाही.

येत्या मे महिन्याच्या अखेरीस सासूबाई, आमचे हे, दोन मुलं आणि मी असे पाच जण आपल्या उद्यानात येत आहोत. तक्रार करायची तर कंपनीच्या कचेऱ्या पुष्कळ असतील, पण मी मुद्दाम आपल्याला लिहिते आहे. कारण त्या अख्ख्या उद्यानात वांग्याच्या जोरावर नाव कमावलेले आपण एकटेच.

सारं पॅरिस ज्याला टरकून असतं त्या अंतों ईगो नावाच्या टीकाकारापुढे आपण बदक ठेवलं नाहीत की मासा ठेवला नाहीत. वांगी, झुकिनी, टोमॅटो आणि ढोबळी मिरची ठेवलीत. रताटुई म्हणजे दक्षिण फ्रान्सातल्या नीस भागातल्या शेतकऱ्यांची भाजी. उन्हाळ्यात मळ्यात जे निघेल ते ऑलिव्हच्या तेलात शिजवायचं. पहिल्याच घासाला त्या गृहस्थाच्या हातून पेन गळून पडलं आणि तो थेट आईच्या स्वयंपाकघरात पोचला. चकत्या इतक्या पातळ कापून गोलाकार मांडायची ती तऱ्हा थॉमस केलर या नामांकित अमेरिकी शेफनं चित्रपटासाठी बसवून दिली, असं वाचलं. आम्ही कृष्णाकाठची माणसं. वांग्यानं माणूस विरघळतो हे सांगायला आम्हाला केलरसाहेबांची गरज नव्हती, पण जगाला पटलं हे बरं झालं.

पुढे 2014 साली उद्यानानं आपल्या नावाचं रीतसर उपाहारगृह काढलं. बरणीच्या झाकणांची मेजं, शॅम्पेनच्या बुचावरच्या तारेच्या खुर्च्या. गिऱ्हाइकानं उंदराएवढं होऊन जेवायचं. कल्पना झकास आहे. मात्र ज्या भाजीनं टीकाकाराच्या हातचं पेन पाडलं, ती भाजी तिथे स्टेकच्या शेजारी तोंडी लावणं म्हणून बसलेली दिसते. नायकाच्या नावाचा फलक आणि नायकाच्या भाजीला कोपरा! रेमीराव, हे आपल्याला विचारून झालं का?

आता हिशेब. आपल्याकडे खिडकीवरून घ्यायचं साधं जेवण माणशी पंधरा ते वीस युरोंना पडतं. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला, तर पाच जणांचं एक वेळचं जेवण साडेसात ते दहा हजार. एवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येतो, वर वाणी मुलांच्या हातावर गोळ्या ठेवतो. शाकाहारी काहीच मिळत नाही, असं मी म्हणणार नाही. पिझ्झा मिळतो, पास्ता मिळतो, भाज्यांच्या टिक्कीचा बर्गर मिळतो, फ्राइज तर असतातच. पण करमणुकीच्या उद्यानांतला शाकाहार म्हणजे बहुतेक वेळा मांसाहारी ताटातून मांस उचलून घेतलेलं ताट. मांस गेलं, पैसे मात्र जिथल्या तिथे. बाजारात मसूर आणि वांगी मांसाहून कितीतरी स्वस्त. तो फरक फाटकातून आत शिरताना कुठे गळतो, याचा शोध उंदरानं घेतला तर लागेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या घरात शाकाहाराच्या तीन इयत्ता आहेत, त्याही कळवून ठेवते. सासूबाई पहिल्या इयत्तेत: अंडं नाही, अंड्याचा वास नाही, अंड्याचा उल्लेखही नाही. म्हणजे सकाळचा क्रोसाँ बाद, कारण त्याच्यावरची ती चकाकी बहुधा अंड्याच्या हाताची असते. मुलगी दुसऱ्या इयत्तेत: तिनं शाळेच्या प्रकल्पात वाचलं, की कामांबेर द नॉर्मांदी, कोंते, रॉकफोर अशी आपल्याकडची मानाची चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, आणि जेली-मार्शमॅलोत जनावरांच्या हाडाकातड्याचं जिलेटिन असतं. तेव्हापासून ती पाकिटांच्या मागचा मजकूर रहस्यकथेसारखा वाचते. आमचे हे तिसऱ्या इयत्तेतले. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघाले तर 'बाजूला सारून खाऊ' म्हणणारे. आपल्याकडे 'मांस नको' म्हटलं तरी पुष्कळांना मासळी आणि हे तुकडे त्यात मोडत नाहीत असं वाटतं, तेव्हा यांना सारायला भरपूर वाव आहे. मुलगा कुठल्याच इयत्तेत नाही. तो फक्त भुकेला असतो.

तर मग घरून न्या, असं आपण म्हणाल. युरोपीय संघाचे नियम आम्ही पाठ केले आहेत. बाहेरच्या देशांतून सामानात मांस नाही आणि दूधदुभतंही नाही; म्हणजे पेढे, पनीर, तूप सगळं घरी ठेवायचं. ताज्या फळा-भाजीला रोगमुक्तीचा दाखला लागतो. सवलत फक्त पाच फळांना: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ! हे ऐकल्यावर सासूबाईंचा चेहरा उजळला. आपल्या उद्यानाच्या मधोमध झोपलेल्या राजकुमारीचा जो किल्ला आहे, त्याच्या पायरीवर नारळ वाढवता येईल का, एवढंच त्या विचारतात. कृपया उलट टपाली कळवावं.

बाकी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेपले आणि सांगलीचं भडंग यांना फ्रिज लागत नाही, आच लागत नाही. हॉटेलच्या खोलीत किटली असेलच असा भरवसा नाही, म्हणून गरम पाण्याचा उपमा यादीतून काढला. आपल्या फाटकावर काच चालत नाही, मोठाले कूलर चालत नाहीत, मात्र सोबतचा खाऊ चालतो असं कळतं. त्यामुळे लोणचं काचेच्या बरणीतून प्लॅस्टिकच्या डबीत उतरलं आहे. सहलीबरोबर स्वयंपाकी महाराज नेणाऱ्या कंपन्याही चौकशीत आल्या. पण महाराजांसाठी मोजायचे पैसे पाहिल्यावर रांगेत उभं राहून भडंग खाणंच राजेशाही वाटू लागलं.

खरी मौज पुढेच आहे. आपलं स्टेशन मार्न-ला-वाले शेसी हे आर.ई.आर. गाड्यांच्या 'ए' मार्गाचं शेवटचं. त्याच्या अलीकडचं वाल द्युरोप. तिथे मोठा बाजार आहे, त्यात अवाढव्य किराणा दुकान आहे. कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे 'बागेत' हा लांबलचक पाव युरोच्या आसपास मिळतो. 1993 च्या सरकारी हुकुमानं 'परंपरागत' पावात वरचे रासायनिक मिश्रण-पदार्थ घालायला बंदी आहे. पीठ, पाणी, मीठ, खमीर. पहिल्या इयत्तेचाही पास! 2022 मध्ये युनेस्कोनं बागेतला वारसा ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, 'भाकरीचं कधी बघणार आहेत?' सोबत डब्यातले छोले, काकडी, टोमॅटो, केळी घेतली, वर आपली चटणी, की आपल्या खिडकीवरच्या एका ताटाच्या किमतीत आमची पंगत उठते. डब्यातले तयार मसूर मात्र जपून घ्यायचे, कारण कित्येकदा त्यात हंसाची चरबी किंवा तेच बारीक तुकडे असतात. मुलीला भिंग घेऊन पुढे धाडणार आहोत.

पाण्याचंही पाहून ठेवलं आहे. उद्यानात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, आणि फ्रान्सच्या 2020 च्या कायद्यानं उपाहारगृहात जेवणाऱ्याला साधं पाणी फुकट देणं बंधनकारक आहे. तेव्हा बाटलीबंद पाण्याचा आग्रह आम्हाला धरू नये. आम्ही 'काराफ दो' एवढे दोन शब्द घोटून ठेवले आहेत. बाकीची फ्रेंच भाषा गेली उडत.

पॅरिसमध्ये गार द्यु नोर स्टेशनामागे ला शापेल भागात दोसे मिळतात. मुलांनी लगेच रोज रात्री तिकडे जायचा ठराव मांडला. 1 जानेवारी 2025 ला सगळ्या पॅरिस परिसरात गाडीचं तिकीट सरसकट अडीच युरो झालं. आपल्याकडून तिकडे जायचं स्वस्त झालं खरं, पण पाच जणांचं जाऊन-येऊन पंचवीस युरोंच्या घरात. दोशाच्या आधीच भाड्याची चटणी. म्हणून आयफेल टॉवरच्या दिवशी तिथूनच दोसा, असा ठराव दुरुस्त करून मंजूर झाला.

एक अडचण उरते, आणि ती आपल्याच खात्यातली आहे. आमच्या मुक्कामात संकष्टी येते. ज्याची संकष्टी त्याचं वाहन आपण, तेव्हा जबाबदारी टाळता येणार नाही. फ्राइज म्हणजे बटाटा आणि मीठ; उपासाला चालायला हरकत नाही. प्रश्न एवढाच, की त्याच तेलातून आधी कोंबडी पोहून गेली का? आणि मेअखेरीस आपल्याकडे सूर्यच पावणेदहाला मावळतो. चतुर्थीचा चंद्र उगवेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. सांगलीत या वेळी सासूबाईंचं जेवण होऊन दोन झोपा झालेल्या असतात. उपास सोडायच्या त्या घटकेला आपली एकही खिडकी उघडी नसणार. आपण आचारी आहात, रात्री जागता आणि बिळाचा रस्ता जाणता. तेव्हा एवढं पाहावं.

आपलं उद्यान हट्टी आहे, असं मात्र म्हणवत नाही. 1992 च्या एप्रिलमध्ये ते उघडलं तेव्हा आत दारू चालत नसे. जेवताना वाइनचा पेला नाही म्हटल्यावर फ्रेंच माणूस इतका दुखावला, की 1993 मध्ये नियम सैल करावा लागला. पेल्यासाठी वाकता येतं, तर वरणासाठी कंबर धरायचं कारण काय? शिवाय फ्रेंच शाळांच्या भोजनगृहांत आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देण्याचा नियम 2019 च्या नोव्हेंबरपासून प्रयोग म्हणून आला आणि 2021 च्या कायद्यानं पक्का झाला. म्हणजे आपली पोरंही आता आठवड्याचा एक वार पाळतात. सरकारी शाळेला जमतं ते आपल्याला न जमायला आपण काय उंदीर आहात? (आहात. क्षमस्व.)

मागणी एकच आहे. आपल्या नावाच्या उपाहारगृहाच्या बाहेर एक खिडकी उघडा. वाडगाभर रताटुई, शेजारी चरबी न घातलेले मसूर, पावाचा तुकडा, आणि किंमत भाजीची. शेतकऱ्याची भाजी शेतकऱ्याच्या खिशाला परवडली पाहिजे, हा आपल्याच चित्रपटाचा अर्थ आम्ही तिकीट काढून समजून घेतला आहे. भाजी विकायला लाज वाटत असेल तर फलकावर केलरसाहेबांचं नाव लावा. आम्ही रांगेत उभे राहू. रांगेची सवय आम्हाला रेशनपासून आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सांगलीची एक गृहिणी (घरची अर्थमंत्री)

ता. क.: काही मंडळी चातुर्मासात येतील. रताटुई कांदा-लसणाशिवाय जमेल का, हे आत्ताच करून पाहावं. सुरी वेगळी ठेवावी.