लोगो जरा मोठा करा

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १९ सांगतं, की मालकाने कर्मचाऱ्यांसाठी ठराविक काळाने जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत. कंपन्यांनी त्यातून ऑनलाइन कोर्स काढला आणि कोर्सातून मुखपृष्ठ. कोर्स बनवायच्या हल्लीच्या साधनांत मुखपृष्ठाचं चित्र, रंग, लोगो, मांडणी, सगळं हवं तसं बदलता येतं. एवढी मोकळीक मिळाल्यावर बैठक बसणारच. एचआरला लोगो मोठा हवा, ब्रँडवाल्यांना निळा रंग अजून थोडा निळा, आणि साहेबांना फोटोत हसरी माणसं. (विषय छळाचा, ही मंडळी हसताहेत कशाला, हे विचारायची प्राज्ञा कुणाची?)

तक्रार कुणाकडे करायची, अंतर्गत समितीत कोण आहे, ही माहिती चौथ्या धड्यात, मागच्या वर्षीच्याच नावांसकट. त्यातल्या दोघी केव्हाच नोकरी सोडून गेल्या. पण धडे तपासायला बैठकीत वेळ कुठे उरतो? कर्मचारी बिचारा दुसऱ्या खिडकीत क्रिकेटचा स्कोअर लावतो आणि मुखपृष्ठावर एकच गोष्ट शोधतो, ‘सुरू करा’चं बटण. ते लोगोखाली गेलंय.