लीगलने ओके केलंय

परळच्या गिरण्यांची धुराडी थंड पडली आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरांना पर्यावरणाची काळजी वाटू लागली. एसी अठरावर ठेवून, अंगावर जाकिटं चढवून तिथे शाश्वत विकासाच्या मीटिंगा चालतात. मजकूर मार्केटिंगचा, अंकुराचा फोटो विकतचा. शेवटी फाइल जाते लीगलकडे.

जायलाच हवी. सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बजावलं की, 'इको-फ्रेंडली' म्हणायचं तर पुरावा दाखवा. तेव्हापासून कंपनीच्या पगारी वकिलाला एकाएकी निसर्गप्रेमी व्हावं लागलं.

मार्केटिंगने लिहिलं, 'आम्ही नदी वाचवतो.' वकीलसाहेबांनी लाल अक्षरांत दुरुस्ती सुचवली: 'लागू कायद्यांच्या अधीन राहून व व्यवहार्य असेल तेथे, कंपनी नदीविषयी सद्भावना बाळगण्याचा प्रयत्न करील.' वाक्य कोर्टात टिकेल. नदीचं काय होईल ते विचारू नका, नदी भागधारक नाही.

परळकरांना या कलाकुसरीचं नवल नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 ढोबळमानाने सांगत होता: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. आता गिरणी म्हटलं की शेडच शेड. वाटायला राहिलं काय? बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप हायकोर्टात गेला, 2005 मध्ये जिंकलाही. 7 मार्च 2006 रोजी सुप्रीम कोर्टाने सरकारची दुरुस्ती वैध ठरवली. एकही झाड न तोडता मैदानं कागदावरच आटली. मोकळ्या जागेची किंमत पावसात कळते. परळलगतच्या हिंदमाताचा खोलगट भाग मुळातच तुंबणारा. पावसाचं पाणी साठवायला पालिकेने मैदानाखाली टाक्या बांधल्या. मैदान शिल्लक होतं, हे नशीबच म्हणायचं.

अशा गावात कंपनीची सदसद्विवेकबुद्धी वकिलाकडे सोपवली आहे. पण त्याचीही पंचाईत बघा. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. नोकरी धरली की सनद खुंटीला टांगायची. मग उरतं एकच कोर्ट, एमडींची केबिन. तिथे ज्यांच्यापुढे युक्तिवाद करायचा, तेच इन्क्रिमेंटच्या पत्रावर सही करतात. 'माय लॉर्ड' तेवढं म्हणायचं बाकी असतं.

तरीही अख्ख्या मजल्यावर 'याला आधार काय?' असं विचारायची सवय असलेला माणूस हा एकटाच. बाकीच्यांना अहवाल गुळगुळीत कागदावर छापून हवा असतो. म्हणून वकीलसाहेब, एकदा सद्भावना वगैरे बाजूला ठेवा आणि समासात एवढंच लिहा: 'आधी डिझेल जनरेटरची बिलं जोडा, मग नेट झिरो म्हणा.'

फार तर नोकरी जाईल. सनद पुन्हा सुरू करून घेता येते.