आम्ही त्यातले नव्हे

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला सध्या दोन चिंता आहेत. अमेरिकेत भलतेसलते लोक फार घुसलेत, ही एक. आणि भाच्याचा एच-वन-बी व्हिसा अडकलाय, ही दुसरी. दोन्ही तो एकाच चकलीवर बोलून घेतो. सीमेवर भिंत हवीच, फक्त तिला एडिसनच्या बाजूने एक दार ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं. दादरला होता तेव्हाही त्याला ‘बाहेरचे’ फार वाटायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं, तेव्हा मात्र तो दचकला. ‘‘अहो, हे सगळं त्यांच्यासाठी होतं ना?’’

हा गैरसमज शंभर वर्षं जुना आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले भगतसिंग थिंड नागरिकत्वासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचले. कायद्याने नागरिकत्व गोऱ्यांना किंवा आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. थिंड यांनी अर्थातच गोऱ्यांची रांग धरली. त्यांच्या बाजूने युक्तिवाद असा, की आम्ही उच्चवर्णीय आर्य. सोयरिकीच्या बाबतीत अमेरिकन माणूस काळ्यांना जसा लांब ठेवतो, तसेच आम्ही आमच्याकडच्या आदिवासींना ठेवतो. वॉशिंग्टनच्या न्यायासनापुढे वधूवर सूचक मंडळाची अट वाचावी, तसं हे! सैनिकी सेवा राहिली बाजूला. नाक मुरडण्यात आम्ही तुमच्या तोडीस तोड, ही पात्रता. १९२३ साली न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की वंशशास्त्र काहीही म्हणो, साध्या माणसाच्या नजरेला तुम्ही गोरे दिसत नाही.

थिंड यांचे एक वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव सदाशिव पेठेतलं वाटतं, पण जन्म अहमदाबादचा आणि वकिली लॉस एंजेलिसची. ते स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक. थिंड हरले आणि सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. या वेळी त्यांचा मुद्दा सरळ होता: तुम्हीच दिलंत, त्याच्या भरवशावर मी घर घेतलं, वकिली केली, लग्न केलं, आता परत कसं मागता? १९२६ मध्ये ते अपिलातही जिंकले.

पुढे १९४६ मध्ये अमेरिकेने वर्षाला शंभर भारतीयांना यायची मुभा दिली. त्या शंभरांपैकी कितींनी एकशे एकाव्याबद्दल तक्रार केली, याची नोंद सापडत नाही.