टिकेल ना हो?

पुण्या-मुंबईची माणसं वॉशिंग मशीन घ्यायला गेली की किती किलोचं, किती स्टारचं, दार पुढे का झाकण वर, असलं काहीतरी विचारतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरात पहिला प्रश्न वेगळा असतो. ह्यात बादलीनं पाणी ओतता येतं का? यावर जो विक्रेता हसतो तो बाहेरगावचा समजावा. इथला असला तर आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, तुमच्याकडं कितव्या दिवशी येतं?"

आमच्याकडे कधी पाचव्या, कधी सातव्या दिवशी येतं. उन्हाळ्यात दिवस मोजणं सोडून द्यायचं. जायकवाडीचं धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर, राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या धरणांपैकी एक. २०२५च्या सप्टेंबरात ते असं भरलं की दरवाजे उघडून गोदावरीत लाखो क्युसेक पाणी सोडावं लागलं, काठची गावं पुरात सापडली. टीव्हीवर ते पाणी बघायचं आणि मग उठून ड्रममध्ये तांब्या किती खोल घालावा लागतो ते बघायचं, असे ते दिवस. धरणातून शहरात येणाऱ्या नव्या जलवाहिनीचे पाइप अडीच मीटर व्यासाचे. एकेका पाइपात मी, हे, सासूबाई आणि शिवाय एक वॉशिंग मशीन, असे सगळे ताठ उभे राहिलो असतो. पाणी मात्र अजून जुन्याच वेळापत्रकानं येत होतं.

नेमकं त्याच महिन्यात आमचं मशीन गेलं.

गेलं म्हणजे धुण्याची बाजू चालू होती, पिळायची बाजू बंद पडली. सेमी ऑटोमॅटिक होतं. निम्मं काम मशीननं करायचं आणि निम्मं माणसानं, असा तो करार. वीसेक वर्षांत त्यातला मशीनचा वाटा कधी चुकला नाही. माणसांच्या वाट्याबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण हा लेख हेही वाचणार आहेत.

औरंगपुऱ्यातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मशीन आडवं केलं, खाली बॅटरी मारली आणि म्हणाले, "मोटर बदली तो चलेंगा, मॅडम. लेकिन नीचे का पत्राच गल गया. कायकू खर्चा करते? नया लेलो." स्वतःच्या धंद्याच्या विरुद्ध सल्ला देणारा माणूस भेटला की मला धडकी भरते. असा माणूस बहुधा खरं बोलत असतो.

तर नवं घ्यायचं ठरलं. अट दोनच शब्दांची, स्वस्त आणि टिकाऊ. स्वस्त म्हणजे काय ते दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं असतं. टिकाऊ कुठे लिहिलेलं असतं ते मात्र कुणाला विचारावं?

मी स्टाफरूममध्ये विचारलं आणि दोन वर्गांचे तास बुडाले. भूगोलाच्या बाईंनी शपथेवर सांगितलं की घ्यायचं तर फ्रंट लोडच, कपडे कसे नव्यासारखे निघतात. त्यांचा बंगला आहे, बोअर आहे आणि बोअरला प्रेशर पंप आहे. हे त्या सांगायच्या विसरल्या. गणिताच्या सरांनी फ्रंट लोडच्या दारातल्या रबराला येणाऱ्या कुबट वासाचं वर्णन इतकं सविस्तर केलं की दोघींनी डबे बंद केले. चित्रकलेच्या सरांच्या साडूकडचं मशीन पंधरा वर्षांत एकदाही उघडलेलं नव्हतं. कोणतं हो मॉडेल, असं मी वही काढून विचारलं. सर म्हणाले, ते आता मिळत नाही.

इथेच सगळी गोम आहे. मशीन टिकाऊ होतं हे कळतं तेव्हा ते बाजारातून गेलेलं असतं. आणि आज जे बाजारात आहे ते टिकाऊ आहे का, हे सांगू शकणारा माणूस आणखी पंधरा वर्षांनी भेटणार असतो. तोवर आपण उघड्यावर. यांनी इंटरनेटवरचे अभिप्राय वाचायला घेतले. पाच तारे, 'डिलिव्हरी वेळेत झाली, मशीन अजून उघडलेलं नाही.' एक तारा, 'खोका फाटका आला.' पुन्हा पाच तारे, 'रंग छान आहे.' एका सद्गृहस्थानं चार तारे देऊन लिहिलं होतं की पाचवा वर्षभर वापरून देईन. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. आम्ही दोघांनी बराच वेळ त्याच्याबद्दल काळजी केली.

सासूबाईंना हा सगळा अभ्यास फालतू वाटत होता. "गावचं घ्या की आपल्या," त्या म्हणाल्या. गावचं म्हणजे व्हिडिओकॉन. पैठण रोडला चितेगावात कारखाना, ओळखीतला एकतरी पोरगा तिथं कामाला, आणि 'मुलगा व्हिडिओकॉनला आहे' एवढ्या वाक्यावर मुलीकडचे चहाला थांबायचे. त्यांना मी सांगितलं की आई, २०१८ सालीच ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यांचा विश्वास बसेना. "रोज टीव्हीवर जाहिरात यायची की तिची." मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तिथल्या पोरांचं काय झालं गं मग?" मशीनचा विषय त्या संध्याकाळी तिथंच थांबला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी जालना रोडच्या एका मोठ्या दुकानात गेलो. टी-शर्टवर कंपनीचं नाव मिरवणारा एक तरतरीत पोरगा धावत आला. "या मॅडम, या. जीएसटी उतरलाय, घेऊनच टाका."

आमचे हे एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रं भरतात. त्यांच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. "बावीस सप्टेंबरला उतरला तो एसीवरचा," ते म्हणाले, "आणि मोठ्या टीव्हीवरचा, आणि डिशवॉशरवरचा. वॉशिंग मशीनचा जुलै २०१८ मध्येच अठ्ठावीसचा अठरा झालाय. आत्ता काही उतरलेलं नाही." पोरानं आधी यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत सहानुभूती होती.

पुढचा अर्धा तास त्यानं आम्हाला फ्रंट लोड दाखवलं. आत दिवा लागतो. पंधरा प्रकारे कपडे धुतं. रेशमाला वेगळं, तान्ह्या बाळाच्या कपड्यांना वेगळं, लोकरीला वेगळं. आमच्याकडे स्वेटर डिसेंबरात पंधरा दिवस बाहेर येतात आणि नंतर ते धुवायचे नसतात, उन्हात टाकून डांबराच्या गोळ्यांसकट परत ठेवायचे असतात. कुठलंही मशीन असू दे, त्यावरचं एकच बटण घराघरात झिजतं आणि बाकीची चौदा कोरी राहतात, असा माझा अंदाज आहे.

"शिवाय वायफाय आहे. ऑफिसातून मोबाइलवर चालू करा."

"कपडे कोण टाकणार?" मी विचारलं.

"ते सकाळी टाकून जायचं."

"आणि पाणी?"

पोरगा स्थानिक होता. तो गप्प बसला.

पाण्याच्या हिशेबानं बघितलं तर फ्रंट लोडच शहाणं, हे मला मान्य आहे. वरून झाकण असलेल्या फुल ऑटोमॅटिकला जेवढं लागतं त्याच्या निम्म्याच्या आसपास पाण्यात ते भागवतं. पण त्याला ते पाणी नळातून, दाबानं आणि स्वतःच्या वेळेला हवं असतं. एक बार दाब मिळायला टाकी दहा मीटर वर लागते. आमची टाकी आमच्याच डोक्यावर गच्चीत, मशीनपासून तीनेक मीटरवर, आणि तीही भरलेली असली तर. दाब कमी पडला की मशीन काही वेळ वाट बघतं आणि मग पडद्यावर एररचा कोड दाखवून बंद पडतं. ज्याला पाण्याची वाट बघता येत नाही त्यानं या गावात येऊच नये. त्यात अर्ध्याहून जास्त वेळा घरात टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी. त्याचे क्षार आतल्या हीटरवर चढतात, ते उतरवायची पावडर वेगळी विकत घ्यायची.

आणि मुख्य म्हणजे ही दोन्ही फुल ऑटोमॅटिक मशीनं साबणाचं पाणी एकदा वापरतात आणि आपल्याला न विचारता सोडून देतात. सासूबाईंच्या राज्यात हा गुन्हा आहे. त्यांच्या हाताखाली मशीनमधलं एक पाणी चार जन्म घेतं. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग पायपुसणी आणि फडकी, आणि शेवटी अंगण किंवा संडास. हे फक्त सेमीत जमतं, कारण सेमीला स्वतःची अक्कल नसते. पाणी कधी सोडायचं ते माणूस ठरवतो.

"वॉरंटी किती?" यांनी विचारलं.

"मोटरवर दहा वर्षं, सर!"

"आणि बाकीच्यावर?"

"दोन," हे पोरगा फार हळू म्हणाला.

मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. ते हसले. मोटर सहसा जातच नाही, म्हणाले. जातं ते कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. लाइट वरखाली झाली की गेलं, खालून उंदीर शिरून वायर कुरतडली की गेलं. एका कार्डाचे पैसे ऐकले तर गिऱ्हाईक मशीनच विकायला काढतं. म्हणजे जे बिघडत नाही त्याची हमी दहा वर्षांची. ज्यानं कुणी हे शोधून काढलं त्याला वॉशिंग मशिनीवर का वाया घालवलं, त्याला विमा कंपनीत घ्यायला हवं होतं.

राहिला प्रश्न किलोचा. साडेसहा, सात, आठ, साडेआठ. मशीनवर लिहिलेले किलो कोरड्या कपड्यांचे असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. यांनी तो प्रश्न घरी येऊन शास्त्रीय पद्धतीनं सोडवायचं ठरवलं. पाण्याच्या आदल्या रात्री साचलेलं सगळं धुणं सोलापुरी चादरीत बांधलं, ते गाठोडं छातीशी घेऊन वजनकाट्यावर उभे राहिले आणि मग गाठोडं खाली ठेवून पुन्हा उभे राहिले. वजाबाकी केली. धुण्याचं वजन निघालं, पण त्याबरोबर यांचंही निघालं आणि सासूबाईंनी ते वाचलं. पुढचा तासभर रात्रीचा भात बंद करावा का, यावर चर्चा झाली. धुण्याचा आकडा कुणीच लिहून ठेवला नाही. शेवटी 'सोलापुरी चादर मावली पाहिजे' या मापावर आठ किलो ठरलं.

तर सेमी ऑटोमॅटिकच घेतलं. बारा हजारांच्या आत-बाहेर. दोन मोटरी, एक पट्टा, फिरवायचे दोन-तीन खटके. अंग प्लास्टिकचं, त्यामुळे पत्रा गंजायचा प्रश्न नाही. मिस्त्रींनी फोनवरूनच पसंती दिली. ह्याचा कुठलाही भाग आमच्या गल्लीत मिळतो, म्हणाले. दहा वर्षांच्या वॉरंटीपेक्षा मला ही गल्ली जास्त भरवशाची वाटते. दुकानदारानं जुन्या मशीनचे एक्स्चेंजमध्ये पाचशे देऊ केले. भंगारवाल्यानं तोलून त्याहून जास्त दिले. पत्रा गळला तरी बराचसा शिल्लक होता.

स्टाफरूममध्ये बातमी पोचली. "अजून सेमीच?" भूगोलाच्या बाईंनी असं विचारलं की जणू मी दुसऱ्यांदा दहावीला बसले आहे.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला. माणूस कसला, पोरच. मशीन जागेवर सरकवलं, प्लग लावला आणि म्हणाला, "पाणी भरा मॅडम, चालवून दाखवतो."

"पाणी परवा," सासूबाई आतून म्हणाल्या.

त्यानं मान डोलावली. असे डेमो त्यानं बरेच दिले असावेत. कोरड्या मशीनचा टायमर फिरवून दाखवला, पाणी असतं तर इथून आलं असतं आणि तिथून गेलं असतं असं बोट फिरवून समजावलं, शेवटी भोंगा वाजवला. मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला. "आणि मॅडम, पाच तारे द्या. चार दिले तरी साहेब बोलतात." मी पाच दिले. खालच्या चौकटीत काय लिहू, असं यांनी विचारलं.

"लिहा, डेमो उत्तम. मशीन अजून चालवलेलं नाही."

पोरगा दारात चपला घालत होता. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "टिकेल ना रे हे?"

"टिकतंय की आज्जी. आमच्या घरी सेमीच आहे. माझ्या जन्माच्या आधीचं. अजून चालू आहे."

"मग तेच मॉडेल आणायचं ना," सासूबाई म्हणाल्या.