जोडसाहित्याचे जहागीरदार

निजामाच्या अमदानीत परभणी जिल्ह्यात ज्यांच्याकडे जहागिरी आणि इनामे होती, त्यांचे वंशज १९४९ साली जहागिरी खालसा झाल्यानंतरही कित्येक वर्षे सनदांच्या सुरळ्या ट्रंकेतून काढून पाहुण्यांपुढे उलगडीत असत, आणि ज्या गावांचे ते धनी म्हणवीत त्यांतल्या एखाद्या गावी आपण कधी पाऊल तरी ठेवले होते काय, असे विचारण्याचा असभ्यपणा कोणी करीत नसे. ती मंडळी आता विरळ झाली. परंतु त्यांची गादी रिकामी पडली आहे असे कोणी समजू नये. अलीकडे जिंतूर रस्त्यापासून वसमत रस्त्यापर्यंत आणि सेलूपासून गंगाखेडपर्यंत एक नवा जहागीरदार उदयास आला आहे. त्याचे वय चाळीस ते पन्नास, चष्म्याचा क्रमांक वाढता, चरितार्थ बहुधा सरकारी. आणि त्याची जहागीर म्हणजे दूरदर्शन संचाला जोडून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ गेमची बंदूक, रिमोट, कळफलक, हातमोजा इत्यादी जोडसाहित्य.

खेळाविषयी त्याला म्हणण्यासारखे ममत्व नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. मारिओ किती उंच उडतो, किंवा कॉन्ट्रातले दोन वीर कोणत्या अरण्यात कितव्यांदा मरतात, या गोष्टी तो सामान्य रयतेवर सोपवतो. त्याचे सारे चित्त यंत्राच्या भोवती जे जे खोचता, धरता, चढवता किंवा तुडवता येत असे त्यावर जडलेले असते. या वर्गाचा जो नमुना मला शेजारधर्मामुळे जवळून न्याहाळता आला, तो महसूल खात्यात अव्वल कारकून असून, दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार तपासून सायंकाळी घरी परतला की कापडी पुठ्ठ्याची एक लांबट नोंदवही उघडतो. तीत वस्तूचे नाव, कोणाकडून प्राप्त, सद्यःस्थिती आणि शेरा असे रीतसर रकाने आखलेले आहेत. बंदुकीपुढे ‘सुस्थितीत, अनुकूल दूरदर्शन संचाअभावी प्रसंगोपात्त निरुपयोगी’ असा शेरा आढळतो. हातमोज्यापुढे ‘प्रत्यक्ष कब्जा नाही, हक्क अबाधित’ असा आढळतो, आणि या दुसऱ्या शेऱ्यात त्या गृहस्थाचे सगळे चरित्र आले.

मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे. क्योतो शहरात १८८९ साली खेळण्याचे पत्ते बनविण्यासाठी निघालेल्या या पेढीने १५ जुलै १९८३ रोजी आपला ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विक्रीस काढला, दोन वर्षांनी तो वेगळ्या पेहरावात अमेरिकेस गेला, आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात जो घरोघर पोहोचला तो त्याचा औरस नव्हे आणि दत्तकही नव्हे, तर ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी नावे धारण करून कोणतेही कागदपत्र न करता घरात शिरलेला दूरचा भाऊबंद होता. परभणीस त्याचे आगमन बहुधा हैदराबादेहून होई. कारण संस्थान गेले तरी या जिल्ह्याची चैनीची खरेदी सिकंदराबादच्या गाडीनेच होत राहिली, आणि कोठीच्या बाजारातून कोणाचा तरी मामा मोत्यांच्या कुड्यांबरोबर हे खोकेही घेऊन येई. त्यातल्या कॅसेटवर ९९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेसेच खेळ नावे आणि टप्पे बदलून फिरून फिरून हजेरी लावीत. संचामागची अँटेनाची तार काढून यंत्राची खोचावी, बटण पिळत पिळत मुंग्यांतून चित्र शोधावे, न दिसल्यास कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर घालावी असा विधी होता. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण बदलीच्या धाकाने अधिकाऱ्यांत रूढ झाली असे म्हणतात. तिचा निर्मळ प्रत्यय मात्र कॅसेट पुन्हा खोचताना येत असे.

खोक्यातले मुख्य रत्न म्हणजे बंदूक. पडद्यावर गवतातून बदके उडत, आपण नेम धरून चाप ओढावयाचा. नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर येऊन दात दाखवी, आणि त्या कुत्र्यास गोळी लागत नाही हा या जिल्ह्यातील एका संपूर्ण पिढीने आयुष्यात प्रथम सोसलेला अन्याय होय. बंदुकीतून काही सुटत नसून उलट तिच्यातच काही शिरते, हे रहस्य आमच्या गृहस्थास वयाच्या तिशीत उलगडले आणि तेव्हापासून त्याने ते कोणाहीपासून लपवलेले नाही. चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होतो, लगोलग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीत बसवलेल्या प्रकाशग्राही घटास आधी अंधार व मागून उजेड दिसला, तरच बदक मेले असे यंत्र मान्य करते. हा सगळा पंचनामा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत आटोपतो. पडदा सोडून विजेच्या दिव्यावर नेम धरणाऱ्या लबाडास आधीचा अंधार सादर करता येत नाही, सबब त्याचा दावा फेटाळला जातो. येथवर ऐकून घेणाऱ्यास पुढील इतिहासही ऐकावा लागतो: मासायुकी उएमुरा नावाचे अभियंते शार्प कंपनीचे सौरघट विकण्यासाठी निन्टेन्डोत गेले, तेथील गुनपेई योकोई यांना ते घट खेळण्यातल्या बंदुकीसाठी वापरण्याची बुद्धी झाली, १९७० साली तशी बंदूक निघाली, आणि विकायला आलेले उएमुरा निन्टेन्डोतच रुजू होऊन पुढे मूळ यंत्राचे शिल्पकार ठरले. ‘विकायला आलेला माणूस घरचा झाला’ असे म्हणताना आमच्या गृहस्थाचा कंठ दाटून येतो. एरव्ही काही विकावयास आलेल्या इसमास तो फाटकाच्या आत घेत नाही.

कळफलकाच्या प्रकरणी त्याच्या वडिलांचा संबंध येतो. ते जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर नोकरीस होते, आणि ज्याला टंकयंत्रासारख्या कळा आहेत तो कॉम्प्युटर, ज्याला नाहीत तो चाळा, अशी त्यांची व्याख्या असल्यामुळे त्यांनी कळफलक जोडलेले यंत्र ‘मुलाच्या भवितव्यासाठी’ म्हणून आणले. निन्टेन्डोने आपला मूळ कळफलक १९८४ साली काढला होता. त्याच्यासोबत बेसिक भाषेची कॅसेट मिळे, आणि आज्ञावली लिहिण्यास जी स्मृती उपलब्ध असे ती अवघी दोन किलोबाइट, म्हणजे रजेच्या एका सविस्तर अर्जापुरती. आमच्या गृहस्थाने तीवर आपलेच नाव पुनःपुन्हा छापणारी दोन ओळींची आज्ञावली लिहिली, आणि वडिलांनी बोलावून आणलेल्या आप्तेष्टांसमक्ष ते नाव पडद्यावर, वीज जाईपर्यंत, अव्याहत छापले गेले. हा त्याच्या संगणकीय कारकिर्दीचा कळस होता. पुढे तो महसुलात लागला.

इथपर्यंतची जहागीर खरी आहे, तिला वहिवाटीचा पुरावा आहे. यानंतरची सारी सनदेवरची. १९८५ साली निन्टेन्डोने एक यंत्रमानव काढला होता. अमेरिकेत दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ गेमचा धंदा बुडाल्यामुळे दुकानदार त्या नावानेच बिचकत असत, तेव्हा हे साधे खेळणेच आहे असे भासविण्यासाठी या मानवास पुढे करण्यात आले. पडद्याच्या लुकलुकण्यावरून तो हुकूम समजून घेई आणि सरकारी कर्मचाऱ्यासही हेवा वाटावा अशा संथपणे भोवरे उचलून इकडचे तिकडे ठेवी. त्याच्यासाठी दोनच खेळ निघाले आणि त्याची नोकरी संपली. १९८६ साली बांदाई कंपनीची पायांनी तुडवावयाची चटई आली. १९८७ साली काचा आळीपाळीने मिटून चित्रास खोली देणारा चष्मा आला. १९८८ साली असा मोडेम आला की ज्याच्या योगे जपानी गृहस्थ याच यंत्रावरून घरबसल्या शेअरांचे व्यवहार करीत. आणि १९८९ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने तो सुप्रसिद्ध हातमोजा विकला, जो कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींवरून हाताचा ठावठिकाणा ओळखत असे, आणि बहुतेक वेळा चुकीचा ओळखत असे.

यांपैकी एकही वस्तू परभणीस आल्याचा दाखला नाही. मोडेम निघाला त्या साली येथे टेलिफोनसाठी अर्ज करणारे प्रतीक्षायादीत म्हातारे होत होते. आणि हातमोजा निघाला तेव्हा आमचा गृहस्थ पाथरीच्या शाळेत तेराच्या पाढ्याशी झगडत होता. परंतु ‘आमच्या वेळी काय एकेक सामान होते!’ असे म्हणून तो जो सुस्कारा टाकतो, त्यात मोजाही येतो, चष्माही येतो, यंत्रमानव तर येतोच. मूळ जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटात एक ध्वनिग्राहक असे आणि त्यात ओरडले असता एका खेळातला मोठ्या कानांचा राक्षस गतप्राण होई, ही हकीकत त्याने प्रौढपणी वाचली. आता तो सांगतो की आपणही लहानपणी रिमोटात ओरडत होतो. हे असत्य नाही. ओरडत आम्ही सगळेच होतो. ते ऐकून घेण्याची सोय परभणीस आलेल्या यंत्रात नव्हती, एवढेच. ज्या शहराने भेंडीच्या एका वाणास ‘परभणी क्रांती’ हे नाव दिले, तेथल्या माणसाने स्मरणशक्तीस थोडे खतपाणी घातले तर मी त्यास दोष देणार नाही.

गृहकलहाचे मूळ मात्र ती खरी, सनदशीर बंदूकच आहे. एका दिवाळीत घरात एलईडी संच आला आणि बंदूक आंधळी झाली. नवा संच आलेले चित्र आधी स्वतः तपासतो, सुधारतो आणि मग दाखवतो. तेवढ्या विलंबात यंत्राची पांढरा चौकोन पाहण्याची मुदत उलटून जाते आणि समोर पडलेले बदकही चुकले असे ठरते. वास्तविक तपासणीपायी झालेला विलंब ज्यास समजू शकेल असा याच्याहून लायक इसम जिल्ह्यात नसेल. पण त्याने तो मुळीच समजून घेतला नाही. जुना, पाठीस पोक असलेला काचेचा संच त्याने माळ्यावरून उतरवून देवघराशेजारी स्थापन केला. ‘अहो, हा पेटारा इथून कधी हलणार?’ अशी विचारणा दर अमावास्येच्या साफसफाईस होते, आणि ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे उत्तर मिळते. वहिनींनी एकदा त्यावर पापड वाळत घातले. त्यांची कैफियत अशी की, संच तापतो तेवढा तरी उपयोग व्हावा.

या पेटाऱ्यापुढे पाहुण्यांस बसविले जाते. बंदूक एका खोबणीत असली म्हणजे दुसऱ्या खोबणीतल्या रिमोटाने एकट्या उडणाऱ्या बदकास मनाप्रमाणे वळवता येते, ही गोष्ट निर्मात्यांनीच करून ठेवलेली आहे आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. आमचा गृहस्थ दुसरा रिमोट लोडाखाली ठेवतो. व्याही आले तर बदक ऐन वेळी गिरकी घेते, कुत्रा हसतो, आणि यजमान गंभीरपणे ‘अंमळ डावीकडे धरायला हवे होते’ असे सुचवतात. वर्गणीवाले आले तर बदक आकाशाच्या कोपऱ्यातून खाली येतच नाही. परंतु पाहुणा नायब तहसीलदार किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असेल, तर तेच बदक उडता उडता आपण होऊन बंदुकीच्या नळीसमोर येते आणि तेथेच घोटाळते. साहेबांच्या नेमबाजीची वाखाणणी दुसऱ्या दिवशी कचेरीत होते. सेवाज्येष्ठतेचा एवढा सूक्ष्म विचार क्योतोच्या अभियंत्यांच्याही मनात नसावा.

रविवारी सकाळी मात्र तो भंगाराच्या दुकानात जातो, आणि तेथे त्याची प्रतिष्ठा वेगळी आहे. न पाहिलेल्या वस्तूंचे वर्णन हातवाऱ्यांवाचून करता येत नसल्यामुळे, दुकानाचे वृद्ध मालक त्याला जे हवे आहे ते आपापल्या परीने समजून बाजूस काढून ठेवतात. ‘हाथ में पहनने का’ म्हणून त्यांनी वेल्डिंगचा चामडी मोजा ठेवला. कळफलक म्हणून कोण्या जुन्या कचेरीतून निघालेले उर्दू टंकयंत्र ठेवले. डोळ्यांच्या दवाखान्यातील, काचा बदलून पाहण्याची लोखंडी चौकटही एकदा निघाली. इतक्या आस्थेने जपून ठेवलेली वस्तू नाकारणे त्याच्या जिवावर येते, म्हणून तो ती घेतो आणि नोंदवहीत ‘तत्सम’ असा शेरा मारून दाखल करून टाकतो.

गेल्या हिवाळ्यात त्याला फोन आला: ‘साब, वो आपकी पाँव रखने की मशीन आ गई देखो, बत्तियाँ भी हैं.’ चटई आली या समजुतीने तो मलाही बरोबर घेऊन गेला. दुकानाच्या मागील आवारात, कोण्या फलाटावरून निवृत्त झालेले, नाणे टाकले असता रंगीत दिवे लुकलुकवून वजनाचे आणि भविष्याचे तिकीट देणारे ते पुरुषभर उंचीचे यंत्र उभे होते. आमच्या गृहस्थाने त्याच्या पायफळीवर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि ‘तत्त्व तेच आहे’ असा अभिप्राय दिला. किमतीचा प्रश्न निघाला तेव्हा मालक म्हणाले की लोखंड आहे, किलोवर जाईल. यावर वजन कोणत्या काट्यावर करावे हा वाद उपस्थित झाला. कारण दुकानातला काटा एवढा बोजा घेईना, आणि मजकूर यंत्र स्वतः वजनकाटा असून त्याने दिलेले तिकीट ग्राह्य धरावे, परंतु ते स्वतःवर कसे चढणार, याचा खुलासा उभय पक्षांपैकी कोणासच करता आला नाही. अंदाजपंचे आकडा ठरविण्यास अव्वल कारकुनाची तयारी नाही. यंत्र आवारात आहे, बयाणा दिलेला आहे, आणि तकरार अद्याप निकालात निघालेली नाही.